मोठीच्या जागी धाकटी

लोक म्हणतात, ढिवराच्या घरात पाय ठेवला की वास येते. येऊ दे. मी ढिवराची पोरगी आहो, मच्छीच्या टोपलीत हात घालूनच मोठी झाली. आता जवाहरनगरले नवऱ्याच्या फॅक्टरी क्वार्टरात राहतो, तरी बाजारात गेली की आधी मच्छीचा कल्ला उघडून पाहतो. लाल असला तर ताजी, काळा असला तर तिचं नाव नोको घेऊ. वरून खवले कितीही चमकू दे, खरं काय ते कल्ल्यात दिसते. तर मच्छीची मले जन्मात कधी किळस आली नाही. या वर्षी आली ती माणसांची, अन् तीही माह्याच घरच्या.

घर आंधळगावचं, माह्या मायचं. यशोदाबाई तिचं नाव. बाबा जाऊन गंज वर्षं झाली. घरात माय, माहा भाऊ राजकुमार, त्याची बायको शालू अन् त्यांचा पोरगा अमर. शालू म्हणजे गोपीचंदमामाची, माह्या सख्ख्या मामाची मोठी पोरगी. आमच्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. मायनंच हट्ट करून आणली होती तिले. माह्या भावाची लेक, माह्या घरचं रक्त, बाहेरची सून कायले आणू, असं साऱ्या गावाले सांगत फिरली होती. शालू सासूले आत्या म्हणते, कारण ती तिची आत्याच हाय.

अमर आता सात वर्षांचा झाला. कान मोठे, चेहरा लांबोडका. डोळ्याले डोळा भिडू देत नाही. खुशी झाली तरी हात फडफडवते अन् भेला तरी फडफडवते. एक शब्द धरला की धरला. सकाळी "गाडी आली" म्हणाला की दिवसभर त्याची गाडी येतच राहते. घरात कुकरची शिट्टी झाली की मनगट चावते. चावून चावून तिथं घट्टा पडला हाय. माह्या पोरीच्या, गुड्डीच्या वेणीचा वास घेऊन खुदूखुदू हसते. मले तो पोरगा आवडते, सांगूनच ठेवतो.

माय त्याच्या हातचं पाणी पीत नव्हती. त्याची थाळी वेगळी, न्हाणीजवळ उपडी टाकलेली. त्यानं माठाले हात लावला की सारं पाणी आंगणात ओतून माय माठ राखेनं घासे. पाहुणे आले की पोराची रवानगी मागच्या सांदीत. अन् तोंडाचा पट्टा तर सुरूच. कधी म्हणे, शालूनं पोटुशी असताना गिरान, म्हंजे ग्रहण पाह्यलं. कधी म्हणे, तिनं पपई खाल्ली. दर महिन्याले नवीन कारण, पण बोट शालूकडंच. शालू ऐकून घेई. तलावावरून मच्छी आली की टोपली डोक्यावर, पोरगा कडेले, अन् बाजारात जाऊन बसे. एखादी बाई अमरकडं पाहून नाक मुरडे, त्याच टोपलीतली रोहू मात्र भाव करून घेऊन जाई.

पण एक गोष्ट होती. अमर बिथरला, भिंतीवर डोकं आपटाय लागला, की तो शालूले आवरत नव्हता, अन् राजकुमार तर अशा वेळी घरात सापडतच नसे. तेव्हा माय उठे. खुंटीवरचं फेकायचं जाळं काढे, ज्याच्या काठाले शिशाच्या गोळ्या असतात ते जड जाळं. ते घडी करून पोराच्या मांड्यांवर ठेवे अन् बाजूले बसे. बोलत काहीच नसे. थोड्या वेळात पोरगा निवळे, जाळ्याच्या गोळ्या बोटांनी चाचपत राही. एकदा मी विचारलं, "माय, हे तुले कोणं शिकवलं?" ती म्हणाली, "म्हातारीले सारं येते." मग न्हाणीत गेली अन् साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. नातवाले हात लागला म्हणून.

मागच्या वर्षी नागपूरहून डॉक्टर लोक आले. मोहाडी तालुक्यातल्या शाळाशाळांत फिरले. जी पोरं मागं पडतात, बोलत नाहीत, एकटी बसतात, त्यांले तपासलं अन् रक्त घेतलं. असा आजार किती लेकरांत हाय ते त्यांले मोजायचं होतं. अमरचंही रक्त घेतलं. पुढं शालूचंही मागितलं. मग काही दिवसांनी भंडाऱ्याले या म्हणून निरोप आला. राजकुमार म्हणाला, मले टाइम नाही. तेव्हा शालूनं मले फोन केला, "रिताताई, तू चाल ना संगं, मले एकटीले समजणार नाही." मी गेली. मायही निघाली. म्हणे, कोणाची खोट निघते ते माह्या कानानं ऐकतो.

डॉक्टरीणबाई शुभांगी म्हणून होत्या. वय जास्त नव्हतं, पण अमर टेबलाखाली जाऊन बसला तर त्याही खाली वाकून त्याच्याशी बोलल्या. मग आम्हाले समजावलं. म्हणाल्या, "आपल्या शरीरात एक्स नावाचं एक गुणसूत्र असतं. त्यावर एका जागी तीनच अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. बहुतेकांमध्ये ती तीसेक वेळा येतात. अमरमध्ये ती दोनशेच्याही वर गेली आहेत, त्यामुळे ती जागा कामच करत नाही. त्याच्या मेंदूला जे लागतं ते तिथून मिळत नाही."

मी विचारलं, "वाढली कशी?"

"शालूताईंमध्ये ती ऐंशीच्या आसपास आहेत. एवढ्यानं त्यांना काही होत नाही. पण आईकडून लेकरात जाताना ती वाढतात."

मले जाळं विणणं आठवलं. नवशिक्या बाईचा हात एका जागी अडकते अन् ती पुढं सरकायची सोडून गाठीवर गाठ मारत जाते, तसं काहीतरी. माय मात्र खुर्चीत पुढं सरकून बसली होती.

"अन् बापाकडून काय आलं?" तिनं विचारलं.

"मुलाला बापाकडून हे गुणसूत्र मिळतच नाही, आजी. ते आईकडूनच येतं."

"म्हंजे माह्या पोराचं काईच नाई?"

"नाही. पण यात आईचाही दोष नाही. तिनं काही केलं म्हणून हे झालेलं नाही. तिच्याकडं तिच्या आईबापांकडून आलंय." मग अमरले बोलायचं कसं शिकवायचं, शाळेत काय सांगायचं, ते सारं त्या सांगत होत्या. शालू मान हलवून हलवून ऐकत होती. मायचे कान तर केव्हाच बंद झाले होते. तिले पाहिजे होतं तेवढं मिळालं होतं.

आंधळगावले उतरल्यावर तिनं काय केलं असन? जिलेबी घेतली. चांगली अर्धा किलो. अन् गल्लीत वाटली. "माह्या पोरात खोट नाई, मोठ्या डॉक्टरनं सांगतलं. सुनेचंच निघालं." शालू मागून अमरचा हात धरून चालत होती. शेजारच्या केशरबाईनं जिलेबी घेतली, खाल्ली अन् बोटं चाटत शालूकडं पाहिलं. माह्या हातातही एक तुकडा कोंबला मायनं. मी तो नालीत टाकला. नालीले जास्त शोभत होता.

मले वाटलं, झालं, आता तरी बाईचं पोट भरलं असन. त्यानंतर एक दिवस शालूचा फोन आला, आवाज हसरा. "ताई, आत्या आज गोड बोलली. माही एक बांगडी मागून घेतली मापाले. म्हणे, नवीन भरतो. पहिल्यांदा काई घेऊन राहिली माह्यासाठी." मी म्हटलं, बरं झालं बापा, देवानं अक्कल दिली.

दुसऱ्याच दिवशी प्रेरणाचा फोन. प्रेरणा म्हणजे शालूची धाकटी बहीण. मामी वारल्यावर तिनंच मामाचं घर सांभाळलं. गाव तुमसरजवळ, म्हणून तुमसरलेच कपड्याच्या दुकानात काम करते अन् कॉलेजच्या परीक्षा देते. ती दबक्या आवाजात बोलत होती. "रिताताई, आत्या आली होती. शालूताईची बांगडी माह्या हातात घालून पाह्यली. म्हणे, माप एकच हाय, बरं झालं. मले मागं वळवून केस पाह्यले, कंबर पाह्यली. मंग बाबाले म्हणाली, राजकुमारले हे दे, मोठीच्या जागी धाकटी. ताई, मी त्यायले भाऊजी म्हणतो ना वं."

"मामा काय म्हणाला?"

"बाबा काई म्हणाले नाई. आत्यानंच त्यायले लहानाचं मोठं केलं, तिच्यासमोर त्यायचं तोंड उघडत नाई. अन् मले त कोणं इचारलंच नाई."

मी फोन ठेवला अन् पहिली बस धरून आंधळगावले गेली. शालू बाजारात होती. माय सुपात तांदूळ निवडत होती, राजकुमार बाजेवर पडून मोबाइल पाहत होता.

"माय, हे काय चालवलं तू?"

"काय चालवलं? पोराचं घर बसवून राहिली."

"बसलेलंच हाय त्याचं घर."

"त्या येड्याले तू घर म्हणतं का? मले नातू पाह्यजे. डॉक्टरनं सांगतलं ना, पोरगा चांगला हाय. मंग बी चांगलं, वावर बदला."

काय जीभ हो बाईची. मी म्हटलं, "वावर बदला म्हणतं, ते वावर तुह्या भावाची लेक हाय. ते कुठं जाईन?"

"राहन ना. दोन घास देऊ. नाई त बापाकडं जाईन, परकं हाय का ते?" माय सुपातला खडा काढून फेकत म्हणाली. "अन् दुसऱ्या घरची आणली त शालूचा बाप कोर्टात जाईन. धाकटीही त्याचीच असली त कोणाच्या विरुद्ध जाईन? एका लेकीसाठी दुसरीचं घर मोडन का? घरची गोष्ट घरात राहते. तू शिकली, पण तुले एवढं बी समजत नाई."

हे ती तांदूळ निवडता निवडता बोलली. आवाज चढला नाही, हात थांबला नाही. एवढा विचार तिनं शांत डोक्यानं करून ठेवला होता, बांगडीचं माप घेण्याच्या आधीच. मी राजकुमारकडं वळली.

"अन् तू रे? तुह्या तोंडात मूग हाय का?"

त्यानं मोबाइलवरून नजर उचलली नाही. "माय म्हणते तसं," म्हणाला.

मी पाणीही न पिता निघाली. बसमध्ये खिडकीशी बसली तरी घाण तोंडातून जाईना. तेवढ्यात डॉक्टरीणबाईचं बोलणं आठवलं, मायनं न ऐकलेलं. तिच्याकडं तिच्या आईबापांकडून आलंय. मग धाकटीही त्याच आईबापांची ना? मी उतरल्या उतरल्या शुभांगी मॅडमले फोन लावला.

त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही, उलट विचारलं. "शालूताईंच्या वडलांची तब्येत कशी आहे? हात कापतात का? चालताना तोल जातो का?"

मामाचे हात कापतात हे सारं गाव जाणते. चहाचा कप तोंडापर्यंत जाईस्तोर अर्धा सांडते. चालताना पाय कुठं टाकला अन् कुठं पडला. ज्या माणसाचं जाळं तलावावर गोल ताटासारखं पडे, त्याच्या हातून आता जाळं फेकल्याच जात नाही. गाव म्हणते, दारू. मामानं दारू मामी गेली त्या दिवशी सोडली, पण कोण मानते? पोरंही त्याले पाहून झिंगल्यासारखं चालून दाखवतात.

मॅडम म्हणाल्या, "पुरुषाकडं एकच एक्स असतो. मुलाला तो देत नाही. मुलीला देतो, आणि प्रत्येक मुलीला तोच देतो. वडलांकडून आलं असेल तर त्यांच्या सगळ्या मुलींमध्ये असणार. पण आधी त्यांचं रक्त तपासायला हवं, आणि त्यांची इच्छा असली तरच."

मी मामाकडं गेली अन् सारं सांगितलं. प्रेरणा दारात उभी राहून ऐकत होती. मामाचं लक्ष एकाच गोष्टीवर. "रिता, म्हंजे हे दारूचं नसन का? तेवढं मले पाहून दे, बाई. मंग मी मेलो तरी चालन." मी त्याले भंडाऱ्याले नेलं. त्याच दिवशी माह्यंही रक्त दिलं, कारण मीही त्याच घरच्या लेकीची लेक. मायले म्हटलं, तूही दे. ती म्हणाली, माह्यात काय खोट हाय, मी दोन चांगली लेकरं दिली.

महिनाभरानं मामाचं आलं, माह्यं अजून यायचं होतं. मॅडमनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून सांगितलं की हा कंप दारूचा नाही, त्या वाढलेल्या अक्षरांचा हाय. मामा रडला. म्हणाला, "म्हंजे मी बेवडा नाई ना?" चारदा विचारलं. मग त्याले बाकीचं समजलं. बस सुटली तेव्हा म्हणाला, "म्हंजे दोघींले मीच देलं." मी त्याले म्हटलं, मामा, तू देलं नाही, तुह्याकडून गेलं. त्याले पटलं की नाही, देव जाणे.

यातच मायचा बैठकीचा निरोप आला. मामाच्या घरी बसायचं, बोलणी पक्की करायची. तिनं नारळ घेतला, साडी घेतली, राजकुमारले इस्त्रीचा शर्ट घातला. शालूलेही आणली. तिले म्हणाली, चाल, दोन दिवस बापाले भेटून ये. शालूले मी आधीच सारं सांगून ठेवलं होतं. ती अमरले घेऊन मुकाट्यानं आली अन् स्वयंपाकखोलीच्या दाराशी बसली, प्रेरणाच्या बाजूले. दोघींच्या हातात एकाच मापाच्या बांगड्या.

मायनं सुरुवात केली. घराणं, इज्जत, वंश, सारं आलं. मामा भिंतीले टेकून बसला होता, हात मांडीखाली दाबून. माय दम घ्यायले थांबली तेव्हा मी बोलली.

"माय, प्रेरणातही तेच हाय. मामाचं रक्त तपासलं. मामाच्या दोन्ही पोरीत तेच असन, जे शालूत हाय. मोठीच्या जागी धाकटी आणली तरी पुन्हा अमर होऊ शकते."

"खोटं बोलतं."

मामा म्हणाला, "खरं हाय, बाई. मी संगं होतो."

मले वाटलं, आता तिले लाज वाटन, निदान जीव तरी हळहळन. तिनं साडीची घडी नीट केली. थैलीत ठेवली. नारळही थैलीत ठेवला. अन् राजकुमारले म्हणाली, "मंग या घरची नोको. पवनीकडं एक स्थळ हाय. दुसऱ्या घरचं."

बस. बाजारात वांगं किडकं निघालं तर बाई दुसऱ्या टोपलीकडं जाते, तशी गेली ती. सख्ख्या भावाच्या घरात, त्याच्या दोन लेकींसमोर. मले इतकी घाण वाटली की तिच्या चटईवरून उठून मी मातीत जाऊन बसली.

"या घरची नोको?" मी म्हटलं. "तू कोणत्या घरची हायस? मी कोणत्या घरची? उद्या माह्या रक्तात निघालं तर माह्या नवऱ्यालेही पवनीचं स्थळ दाखवशीन का? घेऊन ये एक साडी अजून."

"तोंड सांभाळ, रिता."

"तू सांभाळलं का कधी?"

आवाज चढले. मायचा, माहा, प्रेरणाही आतून काहीतरी बोलली. अन् अमरनं किंकाळी फोडली. मनगट तोंडात, डोकं दाराच्या चौकटीवर, एक, परत, परत. शालूनं धरलं तर तिलेच लाथा. राजकुमार उठून आंगणाच्या पार टोकाले गेला.

तेव्हा माय उठली. तिनं विचार केला असन असं मले वाटत नाही. सरळ खुंटीकडं गेली, मामाचं जाळं काढलं, जे मामाले आता फेकता येत नाही ते. खाली बसून घडी घातली, पोराच्या मांड्यांवर ठेवलं, शिशाचा काठ खाली सारखा केला. अमर हुंदके देत राहिला, मग हळूहळू गोळ्या चाचपू लागला.

मामाचे हात मांडीखालून निघाले होते अन् कापत होते. तो म्हणाला, "खेमराजले बी तू असंच करत होती."

मायनं जाळ्याचा काठ मुठीत धरला.

"कोण खेमराज?" मी विचारलं.

"आमचा धाकटा भाऊ," मामा म्हणाला. "असाच होता. असेच कान, असेच हात. यशोदाबाईजवळच शांत राहे. तिच्या लग्नाच्या दिवशी बाबा म्हणाले, वरातीनं पाह्यलं त पोरगी घेऊन जाणार नाई. मंग त्याले कोठ्यात ढोराजवळ कोंडला. बँड वाजला तसा तो भेला. मागचं काट्याचं कुंपण तोडून पळाला अन् तलावात गेला. बाहेर काढला तेव्हा जेवणावळ सुरू होती. बाबा म्हणाले, वरात जाईस्तोर कोणी रडायचं नाई." त्यानं हात परत मांडीखाली दाबले. "गाडीत बसताना यशोदाबाईनं मले इचारलं, खेमराज कुठं हाय. मी म्हटलं, झोपला."

आम्ही दोघं बहीणभाऊ मोठे झालो, लेकरांचे मायबाप झालो, अन् हे नाव आमच्या घरात कधी उच्चारल्या गेलं नव्हतं.

"तुले ठाऊक होतं," मी मायले म्हटलं. "अमर पाळण्यात होता तेव्हापासून तुले दिसत होतं, हे कोणाच्या घरचं हाय. अन् तू जिलेबी वाटली."

ती माह्याकडं न पाहता बोलली. "मंग काय करू? सांगतलं असतं त तुह्या बापानं मले नांदवलं असतं का? तुमी दोघं झाले असते का? सारा जलम तोंड दाबून काढला. सुनेनं गिरान पाह्यलं म्हटलं की माह्या भावाचं नाव निघत नव्हतं."

मले तिची कीव आली. आली, खोटं कायले बोलू. पण किळस तिच्याआधी येऊन बसली होती अन् ती जागची हलली नाही. ज्या पोरीनं भावाले मांडीशी घेऊन शांत केलं, त्याच बाईनं नातवाची थाळी न्हाणीजवळ उपडी टाकली. एकाच हातानं दोन्ही केलं तिनं.

तेव्हा राजकुमार आंगणातून परत आला. सारं त्याच्या कानावर गेलं होतं. बसला. दिवसभरात पहिल्यांदा त्यानं मान वर केली, अन् मले विचारलं, "मंग माह्यात त काई नाई ना?"

एवढंच. त्या बुडालेल्या पोराबद्दल नाही, बायकोबद्दल नाही, पोराबद्दल नाही.

शालू दाराशी उभी झाली. नवऱ्याकडं पाहिलं, नीट, निरखून, बाजारात पाहते तसं. मग मले म्हणाली, "ताई, इतके वर्षं मी वरूनच पाहत होती. आज कल्ला उघडला."

मग ती त्याच्याकडं वळली. "मले तू नोको. माह्या बहिणीलेही नोको. मी अन् अमर इथंच राहतो, बाबाजवळ. तुमसरच्या बाजारातही मच्छी विकते. अन् आत्या, तू पवनीची पाहा का साकोलीची पाहा, त्या पोरीच्या घरी मी तुह्याआधी जाईन अन् सारं सांगन. जिलेबीसकट."

राजकुमार मायकडं पाहू लागला. माय जाळ्याच्या गोळ्या सारख्या करत राहिली. त्यानं थैली उचलली, नारळ अन् साडीची, अन् चप्पल घालून बाहेर गेला. मामानं बहिणीले थांब म्हटलं नाही. माय उशिरानं उठली. अमरच्या मांडीवरचं जाळं तिनं काढलं नाही. आज तिनं हातही धुतले नाहीत.

ती फाटकापर्यंत गेली अन् थांबली. मले वाटलं आता शिव्या देईन, नाहीतर माफी मागन. ती आमच्याकडं वळलीही नाही.

"शालू," म्हणाली, "जाळं छातीवर नोको टाकू. मांड्यांवर टाकजो. छातीवर टाकलं त भेते तो."